सहावा रकाना

वडिवळे,
९ जुलै २०२४

माधवी बाळा,

आधी तुझ्या पायाचं सांग. प्लॅस्टर कधी निघणार? स्वतःच्या अंगणातल्या शेवाळावरून घसरून पाय मोडून घेणारी आपल्या घरात तू पहिलीच. तुझ्या बापाला, म्हणजे माझ्या भावाला सांग, पोरगी शिकवलीस पण चालायला शिकवायचं राहिलं.

आमच्याकडचा मोबाइलचा टॉवर वादळात जो मुका झाला तो झालाच. तो बोलत होता तेव्हाही माझ्या बहिऱ्या कानांना फोनवरचं काही कळायचं नाही, त्यामुळे माझं काही अडलं नाही. केरबाचा दुधाचा टेम्पो आहे तोवर मला तुझी पत्रं मिळतात. तो सकाळी दूध घेऊन लोणावळ्याला येतो आणि दुपारी मोकळ्या किटल्या घेऊन परततो. वलवणला तुझ्या दारात दोन मिनिटं थांबायला त्याला काही होत नाही.

तुझ्या संस्थेच्या रक्ततपासणी शिबिराच्या चिठ्ठ्या आशाताईंनी आज वाटल्या आणि लगेच त्या प्रशिक्षणाला पुण्याला गेल्या. माझी साखर १३१. आशाताई म्हणाल्या, जेवणानंतरची आहे, झकास आहे. मी घरी आले आणि यांच्यासमोर बसून गुळाचा दाट चहा प्याले. हे म्हणत होते, तुला साखर निघणार, सारखी पाणी पितेस, सारखी दमतेस. आता बसा म्हटलं गप्प.

शिबिरात मजा झाली. लॅपटॉपवर लिहून घेणारी मुलगी शहरातली. तिनं विचारलं, "आजी, नवऱ्याचं नाव?" मी म्हटलं, "अगं बाई, मालकांचं नाव कसं घ्यायचं? निलेशचा बाप म्हन की." मागून माझी जाऊ रतनबाई ओरडली, "तिच्या मालकाचं न्हाई लिवलं तर माज्या मालकाचं बी नगं लिवू!" आम्ही म्हाताऱ्या पदरात तोंड घालून हसत राहिलो. बिचारीच्या पुढे एवढी रांग. तेवढं गाळून ती पुढे गेली.

आणि गंमत ऐक. माझी साखर १३१, माझ्या मागे रतनबाई, तिची १३२, तिच्या मागे हौसा, तिची १३३. एका विहिरीचं पाणी पिऊन साखरसुद्धा रांगेनं उभी राहिली बघ!

इकडे भाताची लावणी जोरात आहे. सगळ्यांची इर्जिक चालू आहे. आज शेजाऱ्यांच्या खाचरात सगळे, उद्या आमच्या. उजव्या पायाच्या बोटाला कुडाची काडी लागली होती, ती चिखलात भरून येत नाही. हळद दाबली आहे.

तुझी,
सरु आत्या

*

वलवण,
१० जुलै, सकाळ
ईमेल

निलेश,

तू चेन्नईला ट्रेनिंगला आहेस आणि फोन कारखान्याच्या गेटवर ठेवावा लागतो हे मला माहीत आहे. जेवणाच्या सुट्टीत हे वाचशील या आशेवर लिहिते. चुका झाल्या तर समजून घे.

आत्याचं पत्र आत्ता केरबा देऊन गेला. १३१, १३२, १३३ वाचून मी हसले, आणि हसता हसता थांबले. तीन बायकांची साखर अशी ओळीने येत नाही. नळ्यांचे नंबर येतात. रक्त ज्या काचेच्या नळ्यांत घेतात त्यांचे.

शिबिराची साधी टेक्स्ट फाइल माझ्याकडे आली होती. एका माणसाची एक ओळ. क्रमांक, नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, आडनाव, वय, साखर, नळीचा नंबर, आणि प्रत्येकाच्या मध्ये एक मोकळी जागा. काळ्या पडद्यावर टाइप करायची 'कट' नावाची एक आज्ञा असते. तिला सांगायचं, मोकळी जागा आली की रकाना संपला, मला दुसरा आणि सहावा रकाना काढून दे. म्हणजे नाव आणि साखर. एका क्षणात शेकडो ओळींचं काम होतं. मी ते केलं, वरच्या दहा ओळी डोळ्यांनी तपासल्या आणि चिठ्ठ्या छापायला पाठवल्या. त्या दहा ओळी पुरुषांच्या आणि तरुण सुनांच्या होत्या. त्यांनी नावं पूर्ण सांगितली होती.

आत्याने तुझ्या आबांचं नाव घेतलं नाही. म्हणून तिच्या ओळीतला एक शब्द कमी झाला आणि पुढचं सगळं एक घर अलीकडे सरकलं. तिचा सहावा रकाना म्हणजे नळीचा नंबर. 'कट' विचार करत नाही रे, फक्त मोजते. विचार करायचं काम माझं होतं.

अशा सात बायका निघाल्या. सगळ्या साठीच्या आसपासच्या. मी सातही ओळी बोटाने वाचल्या. सहा जणी ठीक आहेत. आत्याची ओळ अशी आहे:

३१ सरुबाई पिंगळे ६१ ४७१ १३१

साखर ४७१ आहे, निलेश. आणि ती पत्रात लिहिते की पायाची जखम भरत नाही, आणि ती त्या पायाने चिखलात उभी आहे, आणि आनंदाने गुळाचा चहा पिते. तो चहा मी पाजला तिला.

संस्थेला कळवलं आहे. आशाताईंचा फोन बंद आहे. मी प्लॅस्टर घालून खाटेवर आहे, बाबा नाशिकला आहेत. केरबा दुपारी परत जाईल. त्याच्या हाती आत्याला काय लिहू? खरं लिहू?

माधवी

*

१० जुलै, दुपार
ईमेल

माधवी,

वाचलं. पुन्हा वाचलं. जेवण तसंच टाकलं.

खरं लिहू नकोस. हात जोडतो. मोठ्या मावशीचं, म्हणजे तुझ्या मोठ्या आत्याचं, तुला आठवत असेल. साखर वाढली म्हणून दवाखान्यात नेली, पाय कापला आणि ती घरी आलीच नाही. तेव्हापासून आई दवाखान्याच्या फाटकातून आत गेलेली नाही. गेल्या वर्षी मोतीबिंदूसाठी न्यायला गाडी आणली तर ही बाई वर डोंगराच्या माचीवर पळाली आणि गुराख्यांच्या खोपटात लपून बसली. अंधार पडल्यावर आबा आणि मी बॅटरी घेऊन शोधत होतो. आता पावसात, त्या पायाने, ती पुन्हा माचीवर पळाली तर?

असं लिही की सगळ्या बायकांची पुन्हा तपासणी आहे. घोळक्यात असली की ती भीत नाही. एकदा डॉक्टरसमोर बसली की पुढचं डॉक्टर बघतील. आबांनाही सांगू नकोस, त्यांच्या पोटात काही राहत नाही.

मी रजा मागतो. मिळाली की पहिल्या गाडीने निघतो.

निलेश

*

वलवण,
१० जुलै

सरु आत्या,

घाईत लिहिते, केरबा दारात उभा आहे.

चिठ्ठ्यांमध्ये माझी चूक झाली आहे. जेवणाच्या ताटाचं उदाहरण देते. ताटात मीठ, मग लिंबू, मग चटणी, मग कोशिंबीर, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. समज, एका ताटात लिंबू वाढायचं राहिलं आणि वाढणाऱ्याने मोकळी जागा न सोडता बाकीचं अलीकडे सरकवलं. डोळे मिटून तिसरा पदार्थ उचलणाऱ्याच्या हाती चटणीऐवजी कोशिंबीर येणार. तुम्ही मालकांची नावं गाळलीत आणि मी डोळे मिटून रकाना उचलला. त्यामुळे तुम्हा सात जणींच्या चिठ्ठ्यांवर साखरेऐवजी भलताच आकडा आला.

त्या सात जणींपैकी एकीची साखर खरोखर फार वाढली आहे. म्हणून तुम्ही सातही जणी उद्या सकाळी केरबाच्या टेम्पोतून कामशेतच्या दवाखान्यात जा. डॉक्टरांना मी सांगून ठेवलं आहे. घाबरण्यासारखं काही नाही, पण जायलाच हवं. तू पुढे हो, म्हणजे बाकीच्या येतील. तुझं त्या ऐकतात.

आणि तोवर गुळाचा चहा नको. कुणीच नको. चिखलातही उतरू नका. तुझ्या पायाला आता कसं आहे?

माधवी

*

वडिवळे,
११ जुलै, संध्याकाळ

माधवी,

तुझं काम फत्ते केलं. ऐक.

तू नाव लिहिलं नाहीस, पण मी काय दुधखुळी आहे का? सात जणींत जाडजूड कोण, जिलबी दिसली की रस्ता कोण सोडतं, पायऱ्या चढताना धापा कोण टाकतं? रतनबाई. आणि ती माझी जिवाभावाची जाऊ म्हणून तू मला नाव सांगितलं नाहीस, हेही ओळखलं. तुझं मन मला कळतं गं.

पत्र वाचलं आणि देवापुढे जाऊन बसले. जावा म्हणून या घरात आम्ही एकाच वर्षी आलो. रात्रभर मला तिचाच चेहरा दिसत होता. सकाळी तिच्या घरी गेले तर ही खाचरावर निघालेली, डोक्यावर इरलं. म्हणते, "आज माज्या खाचरात इर्जिक, लोकं यायची, आन् मी दवाखान्यात जाऊन बसू व्हय?" मी म्हटलं, "तुजी लावणी मी करते. माज्या हाताची रोपं काय उलटी उगवत्यात का? तू जा." रडली, भांडली, शेवटी बाकीच्या पाच जणींबरोबर टेम्पोत बसली. कुणी तरी मागे राहायला हवं होतं. इर्जिकीला आलेल्या लोकांना घरधनीण दिसली नाही तर काय वाटेल? म्हणून मी राहिले. माझी १३१ चुकीची असली तर असू दे, मी नंतर जाईन. मला काय झालंय!

दिवसभर तिच्या खाचरात होते. गुडघाभर चिखल, पण लावणी संपवूनच बाहेर आले.

दुपारी सगळ्या हसत परत आल्या. रतनबाईची ११८! बाकीच्याही ठीक. रतनबाई माझ्यावर जाम चिडली आहे, पण मी तिला मिठी मारली. तुझाच हिशोब पुन्हा चुकला म्हणायचा. देव पावला.

पाय जरा सुजलाय. बोट काळं दिसतंय, ते हळदीनं असेल. दुखत मात्र नाही, अजिबात दुखत नाही, म्हणजे भरतंय. अंगात कणकण आहे, ती पावसात भिजल्यामुळे. आज लवकर पडते.

तुझी,
सरु आत्या

*

वलवण,
१२ जुलै

आत्या,

ती तू आहेस.

रतनबाई नाही, हौसा नाही. तू. तुझी साखर ४७१ आहे. माझा हिशोब दुसऱ्या वेळी चुकला नव्हता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी तुला सांगितलं नाही, कारण तू माचीवर पळून जाशील अशी मला भीती वाटली. काल दिवसभर मी दवाखान्यात फोन लावत होते. कुणी उचलला नाही आणि मी स्वतःची समजूत घालत राहिले की तू गेली असशील. आणि तू माझ्या अर्धवट पत्रामुळे दुसरीच्या चिखलात उभी होतीस.

बोट काळं आहे ते हळदीनं नाही. दुखत नाही हे चांगलं लक्षण नाही, आत्या, तेच वाईट आहे. साखर इतकी वाढली की पायाला कळायचं बंद होतं. अंगातली कणकण पावसाची नाही, जखमेची आहे. मी डॉक्टर नाही, पण तुझं पत्र आत्ता फोनवर डॉक्टरांना शब्दन् शब्द वाचून दाखवलं. ते म्हणाले, आजच आणा, उद्या नको.

मला मोठ्या आत्याचं सगळं आठवतं. ती गेली तेव्हा तू आमच्या घरी येऊन चुलीसमोर रात्रभर लाकडं सारत बसली होतीस. तुला खोटा धीर देत नाही. तळेगावच्या मोठ्या दवाखान्यात जावं लागेल. तिथे काय होईल ते मला माहीत नाही. पण तिला फार उशिरा नेलं होतं. तुला आज नेता येईल.

केरबाला मी सगळं सांगितलं आहे. तो तुला घेतल्याशिवाय परत फिरणार नाही. पळू नकोस. पळालीस तर मी या प्लॅस्टरनिशी तुला शोधायला माचीवर येईन आणि मग दोघींचेही पाय जातील. मी गंमत करत नाही. मी रडते आहे.

नीघ, आत्या. हे पत्र हातातून खाली ठेवू नकोस, तशीच टेम्पोत बस.

माधवी

*

तळेगाव,
१४ जुलै
ईमेल

माधवी,

काल दुपारी पोहोचलो. तुझे फोन घेतले नाहीत, माफ कर. बोलणं जमत नाही. लिहिणं जमतंय.

केरबाने सांगितलं ते तसंच लिहितो. आई बांधावर बसली होती, उभं राहवत नव्हतं तिला. त्याने पत्र दिलं. तिनं वाचलं, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. केरबा तिच्या आणि माचीच्या वाटेच्या मध्ये जाऊन उभा राहिला, पळाली तर अडवायला. आई त्याच्याकडे बघून म्हणाली, "असा आडवा काय हुबा ऱ्हातूस? पळायला पाय तर हलाया पायजेत. हात दे." आबा घरातून आले, त्यांना काही कळेना. ती त्यांना म्हणाली, "तुमी बी चला. मला एकटीला भ्या वाटतं." आबा सांगतात, इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांनी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

इथे पोहोचेपर्यंत ताप चढला होता, साखर पाचशेच्या वर. मावशीचं नाव घेऊन बडबडत होती. त्याच दिवशी दोन बोटं काढावी लागली. जखम वर पसरली होती. डॉक्टर म्हणतात, आणखी एक दिवस चिखलात गेला असता तर त्यांना आमच्याशी पायाबद्दल बोलावंच लागलं नसतं. मी त्यांना याचा अर्थ विचारला नाही.

चूक तुझ्या एकटीची नाही. सांगू नकोस असं मी म्हणालो होतो. ते मी आईला सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. कालपासून माझ्याशी बोलत नाही. आज वही आणि पेन मागितलंय, बहुतेक तुझ्यासाठी. जपून वाच. ती चिडली आहे.

पायाच्या सुजेबद्दल अजून काही सांगता येत नाही म्हणतात.

निलेश

*

तळेगाव, दवाखाना,
१६ जुलै

माधवी,

अक्षर वाकडं आलंय, हाताला सुई आहे.

रागावले आहे तुझ्यावर. तुझ्यावर आणि त्या गाढवावर, जो माझ्या उशाशी बसून केळी सोलतो आहे आणि ती मला खाता येत नाहीत हे विसरून स्वतःच खातो आहे. तुम्ही दोघं शिकलेली. माझ्या पायात काय चाललंय ते तुम्हाला माहीत, आणि पाय ज्या बाईचा तिलाच माहीत नाही. मी रतनबाईसाठी रात्रभर देवाला हात जोडत होते. ती भीती खरी माझी होती, आणि मी ती दुसरीच्या नावावर भोगत बसले.

आकड्यांची चूक मी धरत नाही. चूक कुणाचीही होते. ती मुलगी घाईत होती, आम्ही म्हाताऱ्या चेकाळलो होतो, निलेश म्हणाला, तू दहा ओळी बघून उठलीस. पण आम्हा सात जणींना दवाखान्यात धाडणारं पत्र लिहिताना तुझ्यासमोर आकडा लख्ख होता ना? तेव्हा का गं लपवलंस?

तू म्हणशील, पळाली असतीस. हो, पळाले असते, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पण माधवी, माचीवर जाऊन जाऊन मी किती वेळ बसणार होते? पाऊस आला असता, भूक लागली असती, हे हाका मारत आले असते. एक संध्याकाळ गेली असती. तुम्ही माझी ती एक संध्याकाळ वाचवायला गेलात आणि मी अख्खा दिवस चिखलात उभी राहिले.

झालं. रागावून झालं. आता दुसरं सांगते, आणि हे निलेशला सांगू नकोस. यांनाही नको.

उद्या सकाळी पट्टी सोडणार आहेत. मोठे डॉक्टर येणार. पाय ठेवायचा की नाही ते उद्या ठरणार, असं ते नर्सशी बोलत होते. त्यांना वाटलं म्हातारीला ऐकू येत नाही. ओठांवरून कळतं मला. तेव्हापासून मी डोळे मिटून पडले आहे आणि सगळे म्हणतात, किती धीराची बाई आहे. निलेशनं मगाशी विचारलं, "आई, भीती वाटते का?" तेव्हा मान हलवून नाही म्हटलं. त्याचं तोंड बघवत नव्हतं मला.

बघ, मीही लपवायला लागले.

म्हणून तुला लिहिते. मला लय भ्या वाटतंय गं. केरबा आज मला बघायला आलाय, हे पत्र घेऊन तो उद्या पहाटेच तुझ्या दारात येईल आणि तुला टेम्पोतून इकडे आणेल. टेम्पोत पुढच्या सीटवर पाय लांब करून बसता येतं, मी बसून बघितलंय. डॉक्टर नवाला येतात. त्याआधी ये.

सरु आत्या